उद्या निफ्टी किती हलेल? गार्च मॉडेल स्वतःच्या हाताने मांडून शिकण्यासाठी

जून २०२४ मधला तो आठवडा आठवा. शुक्रवारी, ३१ मे रोजी निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि सोमवारी बाजार उसळून २३,२६३.९० वर गेला. मंगळवारी, ४ जूनला, मतमोजणी सुरू असताना तोच निफ्टी आपटून २१,८८४.५० वर आला. बुधवारी परत चढून २२,६२०.३५. फक्त शुक्रवार आणि बुधवार पाहणाऱ्याला वाटेल, विशेष काही घडलंच नाही, कारण फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. पण मधल्या तीन दिवसांत ज्यांनी ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणारे करार, विकून ठेवले होते, त्यांच्यासाठी ते तीन दिवस वर्षभराएवढे होते.

भाव कुठे पोचला हा एक प्रश्न आणि तिथे पोचताना किती हेलकावे खाल्ले हा दुसरा. हा लेख दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. उद्या बाजार वर जाईल की खाली, हे रोजच्या आकड्यांवरून भरवशाने सांगता येतं असं मला वाटत नाही, आणि तसं सांगणाऱ्यांपासून तुम्ही लांब राहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण उद्या बाजार साधारण किती हलेल, याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. तो बांधणारं समीकरण म्हणजे गार्च. त्यासाठी एक्सेल, बारावीचं गणित आणि दोन मोकळ्या संध्याकाळी एवढं भांडवल पुरतं.

हे जमतं कशामुळे

श्रावणात झड लागली की ती एका दिवसात थांबत नाही. उद्या नेमका किती पाऊस पडेल हे सांगता येत नाही, पण छत्री घ्यायची की नाही हे आजच्या आभाळावरून कळतं. बाजाराचंही तसंच. मोठ्या हालचालींच्या मागे मोठ्या हालचाली येतात आणि शांत दिवसांमागे शांत दिवस. बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांचा अभ्यास करताना हे नोंदवलं होतं. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये त्याला समीकरणाचं रूप दिलं. गंमत म्हणजे त्यांचं पहिलं उदाहरण शेअर बाजाराचं नव्हतं, ब्रिटनमधल्या महागाईचं होतं. त्या मॉडेलचं नाव आर्च. एंगल यांचे विद्यार्थी टिम बोलरस्लेव्ह यांनी १९८६ मध्ये ते सुटसुटीत केलं आणि गार्च जन्माला आलं. एंगल यांना २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, क्लाइव्ह ग्रेंजर यांच्यासोबत.

पहिलं काम: डेटा, आणि त्यातले खड्डे

एनएसईच्या संकेतस्थळावर निर्देशांकांचे जुने आकडे मोफत मिळतात. निफ्टी ५० चे किमान हजार दिवसांचे बंद भाव घ्या, दोन हजार मिळाले तर उत्तम. शंभर-दोनशे दिवसांवर गार्च बसवू नका. उत्तर येईल, पण ते दर आठवड्याला बदलत राहील.

मॉडेलला हात लावण्याआधी तारखा तपासा. फाइलमध्ये सर्वांत नवी तारीख वर असेल तर आधी क्रम उलटा करा. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती महिनाभर लक्षात आली नाही. साध्या गार्चमध्ये परताव्याचा, म्हणजे रोजच्या टक्केवारीतल्या बदलाचा, वर्ग होतो, त्यामुळे चिन्ह पुसलं जातं आणि उत्तर ठीकठाक दिसत राहतं. पुढे असममित, म्हणजे घसरण आणि चढ वेगळे मोजणारं, मॉडेल चालवलं, तेव्हा घसरणीपेक्षा चढाने बाजार जास्त बिथरतो असं विचित्र उत्तर आलं आणि मग मी मुळाशी गेलो.

आपल्या बाजाराच्या काही खास तारखा आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचं सत्र होतं, जेमतेम तासाभराचं. आकड्यांच्या फाइलमध्ये मात्र ते पूर्ण दिवसासारखं बसलेलं असतं. १ फेब्रुवारी २०२० आणि १ फेब्रुवारी २०२५ हे दोन्ही शनिवार, पण अर्थसंकल्पामुळे बाजार उघडा होता. हे दिवस काढून टाकायलाच हवेत असं नाही. ते कुठे आहेत हे माहीत हवं, एवढंच. निर्देशांकाऐवजी एखादा शेअर घेत असाल तर बोनस आणि स्प्लिटसाठी दुरुस्त केलेले भाव घ्या. दहा रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दहा तुकडे झाले की कच्च्या फाइलमध्ये एका दिवसात ९० टक्के घसरण दिसते, आणि मॉडेल ती खरी मानतं.

परतावा काढा आणि डोळ्यांनी पाहा

आजचा बंद भाव भागिले कालचा बंद भाव, त्याचा नैसर्गिक लॉग, गुणिले १००. एक्सेलमध्ये त्यासाठी एलएन फंक्शन आहे. शंभराने गुणणं ही सवय लावून घ्या. परतावे ०.००९ अशा बारीक आकड्यांत ठेवले तर त्यांचे वर्ग इतके चिमुकले होतात की सॉफ्टवेअरला योग्य उत्तर शोधताना अडचण येते.

त्या तीन दिवसांचे लॉग परतावे असे येतात: ३ जूनला ३.२०, ४ जूनला उणे ६.११, ५ जूनला ३.३१. बेरीज ०.४०. लॉग घेण्याचा फायदा हाच, की रोजचे परतावे सरळ बेरजेत मांडता येतात.

आता सगळ्या परताव्यांचा आलेख काढा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. मार्च २०२० चा झुबका लगेच दिसेल. २३ मार्चला निफ्टी जवळपास १३ टक्के घसरून ७,६१०.२५ वर बंद झाला होता. सकाळी १० टक्क्यांचं सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले होते. पण त्याआधीचे दोन आठवडेही पाहा. तिथे रेघा आधीच लांब झालेल्या दिसतील, म्हणजे झड लागलेली होती. याउलट ४ जून २०२४ ची रेघ जवळजवळ एकटी उभी आहे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

डोळ्यांना दिसलेलं आकड्यांनी पक्कं करायचं असेल तर परताव्यांचा नव्हे, त्यांच्या वर्गांचा ऑटोकोरिलेशन काढा, म्हणजे आजच्या आकड्याचा मागच्या दिवसांच्या आकड्यांशी किती संबंध आहे ते. परताव्यांचा शून्याच्या आसपास राहील, वर्गांचा मात्र बरेच दिवस शून्याच्या वर. एंगल यांची आर्च-एलएम चाचणी हेच औपचारिकपणे सांगते.

आता हाताने मांडू

इथे घाई करू नका. सॉफ्टवेअर एका ओळीत उत्तर देतं खरं, पण ज्याने एकदा हाताने हे केलं नाही त्याला मॉडेल कुठे फसतं हे कधीच कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

समीकरण असं:

उद्याचा व्हेरियन्स = ओमेगा + अल्फा × (आजच्या परताव्याचा वर्ग) + बीटा × (आजसाठी वर्तवलेला व्हेरियन्स)

व्हेरियन्स म्हणजे चढउताराचं वर्गातलं माप; त्याचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, दिवसाची साधारण हालचाल. ओमेगा म्हणजे पायाची पातळी. अल्फा सांगतो आजच्या धक्क्याला किती किंमत द्यायची. बीटा सांगतो कालपर्यंतची समजूत किती जपायची. परताव्यातून सरासरी वजा करावी असं पुस्तकी नियम सांगतो, पण रोजची सरासरी इतकी लहान असते की शिकताना ती शून्य धरली तरी चालतं.

समजा ओमेगा ०.०२, अल्फा ०.०८ आणि बीटा ०.९०. हे आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, तुमच्या डेटावर वेगळे येतील. शेअर निर्देशांकांच्या रोजच्या परताव्यांत अल्फा ०.०५ ते ०.१५ आणि बीटा ०.८ ते ०.९५ च्या आसपास येणं नेहमीचं. ३ जूनसाठीचा व्हेरियन्स समजा ०.८१ होता, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ०.९ टक्के. शांत बाजार.

३ जूनचा परतावा ३.२०, त्याचा वर्ग १०.२४. म्हणून ४ जूनसाठी: ०.०२ + ०.०८ × १०.२४ + ०.९० × ०.८१ = १.५७. वर्गमूळ १.२५ टक्के.

४ जूनचा परतावा उणे ६.११, वर्ग ३७.३३. म्हणून ५ जूनसाठी: ०.०२ + २.९९ + १.४१ = ४.४२. वर्गमूळ २.१० टक्के.

५ जूनचा परतावा ३.३१, वर्ग १०.९६. म्हणून ६ जूनसाठी: ०.०२ + ०.८८ + ३.९८ = ४.८८. वर्गमूळ २.२१ टक्के.

तीन दिवसांत मॉडेलची समजूत ०.९ वरून २.२१ टक्क्यांवर गेली. वर्षाचा आकडा हवा असेल तर २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास १६ ने गुणा: १४ टक्क्यांवरून ३५ टक्के.

अल्फा आणि बीटाची बेरीज इथे ०.९८ आहे. ही बेरीज जितकी १ च्या जवळ, तितका धक्का हळूहळू विरतो. ०.९८ असताना धक्क्याचा निम्मा परिणाम ओसरायला सुमारे ३४ सत्रं लागतात. दीर्घकालीन व्हेरियन्स म्हणजे ओमेगा भागिले (१ वजा ती बेरीज): ०.०२ ÷ ०.०२ = १. म्हणजे ६ जूनसाठीचा व्हेरियन्स पातळीपेक्षा ३.८८ ने वर आहे आणि ३४ सत्रांनंतरचा अंदाज साधारण १.९४ ने वर राहील. बेरीज १ किंवा त्याहून जास्त आली तर हा भागाकार निरर्थक होतो. तेव्हा बहुतेक वेळा डेटाच्या मधोमध काहीतरी मोठं बदललेलं असतं.

पॅरामीटर शोधणं

एक्सेलमध्ये एक जास्तीचा कॉलम घ्या आणि प्रत्येक दिवसासाठी हे लिहा: उणे अर्धा × [व्हेरियन्सचा नैसर्गिक लॉग + परताव्याचा वर्ग ÷ व्हेरियन्स]. खाली बेरीज. एक्सेलमधल्या सॉल्व्हर या साधनाला सांगा, ही बेरीज जास्तीत जास्त कर. अटी अशा: तिन्ही पॅरामीटर (ओमेगा, अल्फा, बीटा) शून्याहून मोठे, अल्फा अधिक बीटा १ पेक्षा कमी. सुरुवातीचे आकडे बदलून तीन-चार वेळा चालवा. दरवेळी वेगळं उत्तर आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

एकदा हे झालं की पायथनमधली आर्च लायब्ररी किंवा आर या संगणकभाषेतलं रुगार्च पॅकेज वापरा. तुमचं एक्सेलचं उत्तर त्यांच्या उत्तराजवळ आलं तर पुढे चला. नसेल तर आधी कारण शोधा.

मॉडेल कुठे कमी पडतं

प्रत्येक दिवसाचा परतावा त्या दिवसासाठी वर्तवलेल्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा. याला प्रमाणित शेषांक म्हणतात. मॉडेल चांगलं असेल तर या शेषांकांच्या वर्गांत झुबके उरत नाहीत.

पण ४ जूनचा शेषांक काढून पाहा: उणे ६.११ भागिले १.२५, म्हणजे उणे ४.९. नॉर्मल वितरण खरं मानलं तर इतकी मोठी हालचाल दहा लाख दिवसांत साधारण एकदा यावी. बाजाराचं कॅलेंडर तसं चालत नाही. म्हणून नॉर्मलऐवजी स्टुडंट-टी वितरण घ्या. त्याच्या शेपट्या जाड असतात, म्हणजे टोकाच्या हालचालींना ते जास्त शक्यता देतं. शेअरच्या रोजच्या डेटात त्याचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (हा आकडा जितका लहान तितक्या शेपट्या जाड) अनेकदा ५ ते १० च्या दरम्यान येतात. हा बदल एका शब्दाचा आहे, पण जोखमीचा आकडा त्याने खूपच प्रामाणिक होतो.

दुसरी उणीव मला जास्त महत्त्वाची वाटते. ६ जूनला मॉडेल म्हणत होतं २.२१ टक्के, म्हणजे भीती वाढलेलीच. पण ऑप्शनच्या भावांवरून काढला जाणारा इंडिया व्हीआयएक्स ५ जूनलाच जोरात खाली आला होता. कारण साधं. निकाल लागला होता, अनिश्चितता संपली होती. ऑप्शन विकणाऱ्या-घेणाऱ्या माणसांना कॅलेंडर दिसतं. गार्चला फक्त कालपर्यंतचे परतावे दिसतात. तारीख ठरलेली असते अशा घटनांत, म्हणजे मतमोजणी, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण यांत, गार्च आधी गाफील राहतं आणि नंतर उगाच घाबरतं. मार्च २०२० सारख्या हळूहळू चढत गेलेल्या संकटात मात्र ते वेळेत जागं होतं. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवा. व्हीआयएक्सचा आकडा वर्षाचा असतो. त्याला १६ ने भागलं की रोजच्या टक्क्यांत येतो आणि तुलना करता येते.

घसरण आणि चढ सारखे नसतात

तीन टक्क्यांची घसरण बाजाराला जितकी हादरवते तितका तीन टक्क्यांचा चढ हादरवत नाही. साधं गार्च दोघांना एकच वागणूक देतं. नेल्सन यांचं १९९१ चं ई-गार्च आणि ग्लॉस्टन, जगन्नाथन, रंकल यांचं १९९३ चं मॉडेल हा फरक धरतात. दुसरं समजायला सोपं आहे: परतावा ऋण असेल तर अल्फात आणखी एक आकडा मिळवायचा. निफ्टीसाठी मी थेट इथूनच सुरुवात करा असं सांगेन.

रुपया-डॉलर: वेगळा प्राणी

निफ्टीवर जमलेलं मॉडेल जसंच्या तसं रुपयावर लावू नका. पहिला सापळा चिन्हाचा. डॉलरचा दर ८३ वरून ८४ झाला तर परतावा धन येतो, पण पडलेला असतो रुपया. इथे घबराट धन बाजूला असते, त्यामुळे असममित मॉडेलमधलं पद धन परताव्यांसाठी लावा किंवा सगळ्या परताव्यांचं चिन्ह आधीच उलटं करा. दुसरा सापळा वेळेचा. जुलै २०१८ पासून रुपया-डॉलरचा संदर्भ दर एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था जाहीर करते आणि तो दुपारच्या सुमाराच्या व्यवहारांवरून काढलेला असतो. निफ्टीचा बंद भाव साडेतीनचा. दोन्ही एकाच ओळीत ठेवून त्यांचा संबंध शोधलात तर अडीच-तीन तासांची फट मध्ये राहते.

तिसरी गोष्ट सापळा नाही, ती रुपयाची प्रकृती आहे. आपण कोणतीही पातळी राखत नाही, फक्त अतिरेकी चढउतार आवरतो, ही रिझर्व्ह बँकेची जाहीर भूमिका आहे. म्हणजे तुम्ही जे मोजायला निघालात, तेच शांत ठेवण्यासाठी एक संस्था रोज बाजारात उभी आहे. म्हणून दीर्घकाळ बारीक हालचाली आणि मग एकदम झेप असा आलेख दिसतो. २२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्की यांनी अमेरिकेतली रोखे खरेदी कमी करण्याचे संकेत दिले आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८.८० च्या घरात गेला. त्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने सरकारी तेल कंपन्यांसाठी डॉलरची स्वतंत्र खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी रुपया सावरला. हे वळण कोणत्याही अल्फा-बीटात नव्हतं. रुपयाच्या डेटात अशा धोरणबदलाच्या तारखा आधी खुणा करून ठेवा आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे मॉडेल वेगवेगळं चालवून पाहा.

दिशेबद्दल इथेही तेच. रिचर्ड मीज आणि केनेथ रोगॉफ यांनी १९८३ मध्ये दाखवलं, की जवळच्या काळासाठी विनिमय दराची मॉडेल्स 'उद्याचा दर आजच्याइतकाच' या साध्या अंदाजालाही हरवू शकत नाहीत. पण चढउताराचा अंदाज घरगुती कामालाही येतो. समजा मुलीची अमेरिकेतली २० लाखांची फी सहा महिन्यांनी भरायची आहे आणि मॉडेल रोजचं ०.३ टक्के सांगतंय. सहा महिन्यांत साधारण १२५ सत्रं, त्याचं वर्गमूळ ११.२. गुणाकार ३.३५ टक्के, म्हणजे एका स्टँडर्ड डेव्हिएशनला ६७,००० रुपये इकडे किंवा तिकडे. तेवढी रक्कम बाजूला काढता येईल का, हा प्रश्न आज विचारता येतो.

शेअरचा बीटा काढताना, म्हणजे शेअरचा जादा (जोखीममुक्त दराच्या वरचा) परतावा निफ्टीच्या जादा परताव्यावर बसवताना, याच ज्ञानाचा एक छोटा उपयोग आहे. बाजाराचा व्हेरियन्स बदलता असतो, त्यामुळे साध्या रिग्रेशनची स्टँडर्ड एरर, म्हणजे उत्तर किती चुकू शकतं याचं माप, खोटा आत्मविश्वास देते. बदलत्या व्हेरियन्सची दखल घेणाऱ्या न्यूई-वेस्ट पद्धतीची घ्या. जोखीममुक्त दर म्हणून ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर चालतो. आणि हा बीटा गार्चमधल्या बीटापेक्षा वेगळा आहे. दोघांची गल्लत नवशिक्यांकडून हमखास होते.

पारख

सगळा डेटा वापरून पॅरामीटर काढायचे आणि त्याच डेटावर अंदाज किती छान आले ते बघायचं, ही उत्तरपत्रिका समोर ठेवून दिलेली परीक्षा आहे. २०१९ अखेरपर्यंतचा डेटा घ्या, मॉडेल बसवा, मग एकेक दिवस पुढे सरका आणि फक्त तोपर्यंत माहीत असलेलं वापरून पुढच्या दिवसाचा अंदाज लिहा. दर महिन्याला पॅरामीटर नव्याने काढा.

अंदाज ताडून कशाशी पाहायचा? एका दिवसाच्या परताव्याचा वर्ग हे फार कच्चं माप आहे. सकाळी तीन टक्के पडून संध्याकाळी जागेवर आलेला बाजार त्यात शून्य दिसतो. मायकेल पार्किन्सन यांनी १९८० मध्ये सुचवलेलं माप बरं: दिवसाचा उच्चांक भागिले नीचांक, त्याचा नैसर्गिक लॉग, त्याचा वर्ग, भागिले २.७७. दोन्ही आकडे तुमच्या फाइलमध्ये आधीच असतात.

ऑप्शनमध्ये उतरण्यासाठी हे शिकत असाल तर एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला होता. या मॉडेलने तुम्ही आपोआप उरलेल्या सात टक्क्यांत जाणार नाही. पैसे लावण्याआधी वही लावा.

ती वही अशी. रोज साडेतीननंतर बंद भाव भरा, उद्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, त्याला २.३३ ने गुणा. नॉर्मल वितरण धरलं तर शंभरातल्या ९९ दिवशी तोटा यापेक्षा कमी राहायला हवा. इंडेक्स फंडात १० लाख असतील तर ०.९ टक्क्यांच्या शांत दिवशी हा आकडा साधारण २१,००० रुपये येतो, ६ जून २०२४ साठी ५१,५०० रुपये. आकडा पेनाने लिहा, म्हणजे दुसऱ्या दिवशी बदलता येणार नाही. ज्या दिवशी प्रत्यक्ष तोटा त्याहून जास्त होईल त्या तारखेपुढे फुली मारा. २५० सत्रांत दोन-तीन फुल्या अपेक्षित आहेत. बँकांसाठीच्या बासल नियमांत चारपर्यंत हिरवा, पाच ते नऊ पिवळा आणि दहापासून लाल असा हिशेब आहे. फुल्या पिवळ्यात गेल्या तर २.३३ सोडून टी वितरणाचा गुणक घ्या आणि पुन्हा पहिल्या पानापासून मोजा.